आधी डाब, मग काठी

काठीच्या मैदानात होळीच्या दांड्यासाठी खड्डा घ्यायचा असतो तेव्हा पहार चालत नाही, कुदळ चालत नाही. खड्डा हातांनी उकरायचा. पाऊस जाऊन पाच महिने झालेले असतात, मार्चातली सातपुड्याची माती वाळून कडक झालेली असते, वर मुरूम आणि खडे. तिच्यात बोटं रोवायची, ढेकूळ सुटलं की ओंजळीनं बाहेर टाकायचं, दमलं की बाजूला व्हायचं, दुसऱ्यानं बसायचं. दांडा साठ-सत्तर फुटांचा असतो, म्हणजे खड्डाही तसाच खोल हवा. अवजार घेतलं तर काम घटकाभराचं आहे, हे खणणाऱ्यांना आपल्यापेक्षा जास्त चांगलं माहीत असतं. तरी हातांनीच.

काठी हे नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं डोंगरातलं गाव. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगी गाठायची आणि मोलगीहून पुढे जायचं. उत्तरेला नर्मदा, पलीकडे मध्य प्रदेश, पश्चिमेला गुजरात. एरवी इथं बाहेरचं माणूस कारणाशिवाय येत नाही. होळीच्या रात्री मात्र तिन्ही राज्यांतून हजारो माणसं इथं लोटतात. या होळीला 'राजवाडी होळी' म्हणतात, म्हणजे राजाच्या वाड्याची, संस्थानाची होळी. आता संस्थान नाही, राजाची सत्ता नाही. होळीच्या नावातला राजवाडा मात्र टिकून आहे, आणि तो का टिकला याची गोष्ट सांगण्यासारखी आहे.

त्यासाठी आधी एक समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे मैदानी गावांत होळी ही एका रात्रीची गोष्ट. संध्याकाळी गोवऱ्या रचायच्या, पेटवायची, नैवेद्य दाखवायचा, बोंब मारायची आणि घरी जाऊन पुरणपोळी खायची. प्रत्येक चौकाची आपली होळी, त्याच रात्री, त्याच वेळेला. सातपुड्यात होळ्यांची ओळ असते. पहिली डाबला पेटते, ती देवाची. मग पौर्णिमेच्या रात्री काठीची, ती राजाची. मग पुढचे काही दिवस मोलगी आणि धडगाव परिसरातल्या गावागावांच्या, आपापल्या ठरलेल्या दिवशी. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही. या ओळीला 'मान' म्हणतात. काठीच्या होळीचा इतिहास म्हणजे खरं तर या मानाचाच इतिहास आहे.

देवाला पहिला मान का, हे डाब कोणतं ठिकाण आहे त्यावरून कळतं. देवगोई घाटाच्या परिसरातलं डाब हे सातपुड्यातल्या आदिवासींच्या लेखी देवांचं मूळ ठिकाण. राजा पांठा, विना ठाकोर आणि याहा मोगी या देवांच्या कथा डाबपाशी सुरू होतात. याहा म्हणजे आई. दुष्काळात माणसं आणि गुरं मरायला लागली तेव्हा जिनं धान्य दिलं, जगवलं, ती ही आई. तिचं मोठं ठाणं देवमोगरा, आजच्या गुजरातेत, सागबारा तालुक्यात. महाशिवरात्रीला तिथं यात्रा भरते आणि नंदुरबारच्या डोंगरातून माणसं टोपलीत नवं धान्य घेऊन तिकडे जातात. महाशिवरात्र ते होळी पंधरा दिवसांचं अंतर. म्हणजे आधी धान्याच्या आईचं दर्शन, मग तिच्या मूळ गावची आग, मग राजाची, मग रयतेची. प्रल्हाद आणि होलिका या कथेला या क्रमात फारशी जागा नाही. इथली होळी शेताची, रानाची आणि पूर्वजांची. मोहाची फुलं पडायला लागलेली असतात, पळस पेटलेला असतो, धान्य घरात आलेलं असतं, पुढचं पेरणीचं काम अजून तीन महिने लांब असतं. आपल्या शेतातून हात मोकळा असण्याचा हा काळ.

आणि ओळ लावायची गरज का पडली असेल, याचं उत्तर डोंगरच देतो. सातपुड्यातलं गाव म्हणजे गावठाण नव्हे. एकेक घर एकेका टेकाडावर, आपल्या शेताला चिकटून. दहा-बारा घरांचा एक पाडा, आणि एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जायचं तर एक दरी उतरून एक चढण चढायची. अशा वस्तीत सगळ्यांनी एकाच रात्री आपापली होळी पेटवली तर कुणीच कुणाकडे जाणार नाही. लेकी माहेरी भेटणार नाहीत, सोयरे भेटणार नाहीत, लग्नाची बोलणी होणार नाहीत, जुनी भांडणं मिटणार नाहीत. दिवस वेगवेगळे ठेवले की प्रत्येक गावाला एकदा यजमान होता येतं आणि बाकीच्या दिवशी पाहुणं होता येतं. ही व्यवस्था कुणी एका दिवशी बसून ठरवली नसणार. पण ती जमली की तिला एक गोष्ट लागते: आरंभ कुणी करायचा हे ठरलेलं असावं लागतं. इथं देव आणि राजा दोघंही कामाला येतात.

काठीची परंपरा आपला आरंभ १२४६ साली सांगते आणि राजा उमेदसिंहांचं नाव घेते. होळीच्या आधी वर्तमानपत्रांत दर वर्षी हे साल छापून येतं. त्या काळात देवगिरीला यादवांचं राज्य होतं, सिंघणाची दीर्घ कारकीर्द संपत आली होती आणि ज्ञानेश्वरांचा जन्म व्हायचा होता. सातपुड्याच्या कड्यांत मात्र ताम्रपट कोरणारं कुणी नव्हतं. हे साल तोंडातोंडी आलेलं आहे आणि तसंच घ्यावं. मला त्यातला आकडा महत्त्वाचा वाटत नाही. एखादा समाज आपल्या सणाला साल देतो, तेव्हा तो सांगत असतो की हा सण आम्ही कुणाकडून उसना घेतलेला नाही. डोंगरातल्या माणसाला 'तुमचं मागाहूनचं' असं ऐकवणारे पुष्कळ असतात, त्यांना दिलेलं ते उत्तर आहे.

कागदावर हा मुलूख दिसायला लागतो तो 'मेवास' या नावानं. मेवासी म्हणजे सरकारला सहजासहजी वसूल न देणारा, डोंगराच्या आडोशाला राहणारा. खानदेशात १३८२ पासून फारुकी सुलतान होते, १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि मुघल आले, नंतर मराठे आले. तापीच्या काळ्या जमिनीवर यातल्या प्रत्येकानं आपला सारा बसवला. सातपुड्यातल्या सरदारांशी मात्र व्यवहार देवघेवीचा राहिला. घाटवाटा त्यांच्या हातात होत्या. वाटेनं जाणाऱ्या मालाला संरक्षण द्यायचं आणि त्याचा हक्क घ्यायचा, नाही मिळाला तर स्वतःच घ्यायचा, असा तो हिशेब. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला, गावं ओस पडली आणि डोंगरातले भिल्ल सरदार पूर्वीपेक्षा मोकळे झाले. १८१८ मध्ये पेशवाई बुडून इंग्रज खानदेशात आले तेव्हा त्यांना सगळ्यात जड गेले ते हे डोंगर. फौजा पाठवून झाल्या, मग १८२५ पासून जेम्स औट्रमनं भिल्लांचीच पलटण उभी केली. भिल्ल कोअर म्हणून ती प्रसिद्ध आहे. ज्यांना पकडायचं त्यांनाच चाकरीत घ्यायचं, अशी ती युक्ती.

मेवासी सरदारांना इंग्रजांनी हलवलं नाही. खानदेशच्या कलेक्टरला त्यांचा पोलिटिकल एजंट केलं, किरकोळ खंडणी ठरवली आणि बाकी कारभार त्यांच्याकडे ठेवला. १८७४ मध्ये अनुसूचित जिल्ह्यांचा कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात या सरदारांची यादी आहे आणि ती वाचताना गंमत वाटते. काठीचे पाडवी, नालचे पाडवी, सिंगपूरचे पाडवी, गव्हाळीचे वळवी, चिखलीचे वसावे, नवलपूरचे पाडवी. सहा नावं. इंग्रजी स्पेलिंगच्या कृपेनं पाडवीचं पारवी झालं आहे, पण आज अक्कलकुव्याच्या एस.टी. स्टँडवर उभं राहून 'पाडवी', 'वळवी', 'वसावे' अशी हाक मारली तर अर्धा स्टँड मागं वळून बघेल. या यादीचं पुढं मोठं झालं. सामान्य कायदे इथं जसेच्या तसे लागू करू नयेत हे तत्त्व त्यात होतं. १९५० मध्ये राष्ट्रपतींनी अनुसूचित क्षेत्रं जाहीर केली तेव्हा मेवासी प्रमुखांची गावं त्यात आली. पेसा कायदा आणि ग्रामसभेच्या हक्कांचं जे बोलणं आज चालतं, त्याची एक मुळी या सहा नावांपर्यंत जाते.

मेवासी सरदारांच्या काळात राजवाडी होळीनं काय काम केलं? काठीच्या प्रमुखाकडे किल्ला नव्हता, नाणं नव्हतं, मोठी फौज नव्हती. त्याची सत्ता पाड्यापाड्यांत पसरलेल्या माणसांच्या मान्यतेवर उभी होती, आणि ही मान्यता एकदम, एका जागी दिसण्याचा दिवस होळीचा. आजही होळीच्या संध्याकाळी संस्थानच्या गादीचं आणि शस्त्रांचं पूजन होतं, मग दांड्याची पूजा, आणि मग ढोल सुरू होतात. लांबच्या पाड्यावरचा माणूस राजाकडे वर्षभर जात नसेल, पण होळीला जायचाच. तो तिथं हजर आहे, एवढ्यानंच तो काठीचा आहे हे ठरायचं. दप्तरात नोंद करायची गरज नव्हती.

डोंगरावरची सरकारची पकड पुढच्या पन्नास वर्षांत वेगळ्या दिशेनं आली. १८७८ हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी हिंदुस्थानचा वन कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा. एकानं रान सरकारी केलं, दुसऱ्यानं घरी दारू गाळणं गुन्हा ठरवलं. मोहाची दारू ही आदिवासी घरात देवाला दाखवायची वस्तू. जन्म, लग्न, मर्तिक, पंचायत यांतलं काहीही तिच्याशिवाय पुरं होत नव्हतं. तिच्या जागी ठेकेदाराचं दुकान आलं, दुकानाबरोबर उधारी आली आणि उधारीपायी जमिनी सावकाराकडे जाऊ लागल्या. याला पहिलं मोठं उत्तर १९२२ च्या अखेरीस आलं. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येऊन सांगू लागली: दारू सोडा, मांस सोडा, रोज अंघोळ करा. दक्षिण गुजरातेत आणि खानदेशाच्या कडेला ही लाट पसरली, दारूची दुकानं ओस पडली. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सबंध पुस्तक लिहिलं आहे. पुढं १९३० च्या दशकात तळोद्याच्या बाजूनं गुलाम महाराज उभे राहिले. त्यांच्या आरतीला हजारोंनी आदिवासी जमत. व्यसन सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना 'आप' म्हणा, असं ते सांगत. आजवर ज्यांना सगळ्यांनी 'अरे'च म्हटलं त्यांना 'आप' म्हणायला शिकवणं ही साधी गोष्ट नव्हती. त्यांच्यानंतर बंधू रामदास महाराजांनी चळवळ चालवली.

या लाटांत होळी वाहून जाईल असं कुणालाही वाटलं असतं. नाच, ढोल, मोह, रात्र रात्र जागणं, हे सगळं सुधारणेच्या रोखानं यावं असंच. होळी टिकली. मला याचं कारण तिच्या आतल्या शिस्तीत दिसतं. होळीच्या मध्यभागी जो माणूस नाचतो तो मौज करायला आलेला नसतो, तो व्रतात असतो. त्याच्याकडे आपण पुढं येऊच.

शिस्तीबरोबर होळीला तिच्या क्रमानंही राखलं. आगींचा क्रम आणि राजाचा मान यांची एक प्रसिद्ध गोष्ट आयर्लंडची आहे. १७ मार्चला जगभर हिरवे कपडे घालून ज्यांचा दिवस पाळतात ते संत पॅट्रिक पाचव्या शतकातले. त्यांची कथा लिहिली गेली ती दोनशे वर्षांनी, सातव्या शतकाच्या अखेरीस, मूर्खू नावाच्या धर्मगुरूकडून. तारा या टेकडीवर राजाची आग पेटेपर्यंत सणाच्या रात्री मुलुखात कुणीही आग पेटवायची नाही असा नियम होता. पॅट्रिकनं समोरच्या स्लेन टेकडीवर ईस्टरची आग आधी पेटवली. राजाचे पुरोहित म्हणाले, ही आग आज रात्रीच विझवली नाही तर पुन्हा कधी विझणार नाही. आग विझली नाही, राजाचा धर्म गेला. गोष्ट खरी की रचलेली हा वेगळा प्रश्न, पण तिचा रोख स्पष्ट आहे: क्रम मोडला की सत्ता बदलते. सातपुड्यात क्रम मोडला गेला नाही. देवानं आपली आग आधी पेटवून घेतली, राजानं दुसरा नंबर मुकाट्यानं मान्य केला, आणि म्हणून दोघांचंही राहिलं.

या आयरिश सणाचा पुढचा प्रवासही काठीशेजारी ठेवून बघण्यासारखा आहे. मायदेशी तो बराच काळ चर्चला जाण्याचा शांत दिवस होता. वाजतगाजत मिरवणूक काढली ती देश सोडून गेलेल्यांनी. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची मानतात. आयर्लंडमध्ये त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी मिळाली १९०३ च्या कायद्यानं, आणि डब्लिनचा मोठा सरकारी महोत्सव सुरू झाला १९९६ मध्ये. म्हणजे सण परदेशात मोठा झाला आणि मग घरी परत आला. काठीची होळी कुठं गेली नाही. माणसं जातात, ती परत येतात. २०२२ मध्ये होळी पौर्णिमा नेमकी १७ मार्चला आली होती. करोनाची दोन वर्षं रस्ते रिकामे राहिल्यावर डब्लिनमध्ये त्या दिवशी पुन्हा मिरवणूक निघाली. त्याच रात्री इकडे भाड्याच्या जीपच्या टपावर बसून माणसं घाट चढत होती.

ती कुठून येतात हे सांगायला हवं. दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याचे पाडे रिकामे व्हायला लागतात. डोंगरउतारावरची शेती पावसाच्या भरवशावर, एका पिकाची. बारडोली, सुरत, नवसारीच्या बाजूला साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झालेला असतो. मुकादम उचल देऊन जातो, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो, आणि सगळा संसार ट्रकमध्ये चढतो. यान ब्रेमन या डच अभ्यासकानं १९७० च्या दशकापासून बारडोलीतल्या या ऊसतोडीबद्दल लिहिलं आहे. तिथं या माणसांना नुसतं 'खानदेशी' म्हणतात. ना वसावे, ना पाडवी, ना पावरा. हंगाम पार एप्रिलपर्यंत लांबतो, मुकादम सोडायला तयार नसतो, होळी मात्र मध्येच येते. मग फडातून माणसं निघतात. चार दिवसांची मजुरी बुडाली तर बुडाली, उचलीचा हिशेब मागं लांबला तर लांबला. होळीच्या आधीच्या आठवड्यातल्या गाड्या त्यांनी भरून वाहतात, आणि ज्या पाड्यांत चार महिने म्हातारी माणसं आणि कोंबड्या एवढंच होतं तिथं पुन्हा धूर निघायला लागतो.

आल्या आल्या बाजार. होळीच्या आधीच्या आठवडी बाजाराला भोंगऱ्या म्हणतात. मोलगी, धडगाव आणि पुढं पार मध्य प्रदेशापर्यंत त्याची रांग असते. तिकडे त्याला भगोरिया म्हणतात. फुटाणे, डाळ्या, खजूर, साखरेचे हार-कडे, घुंगरू, आरसे, नवी ओढणी. ज्यांच्याकडे वर्षभरात रोख पैसा येतो तो याच सुमाराला, आणि तो जातोही इथंच. भोंगऱ्यात मुलगा-मुलगी पान देऊन पळून जातात असं लिहून शहरी लेखकांनी या बाजाराची फार बदनामी केली आहे. बाजारात बहुतेक माणसं तेच करतात जे कुठल्याही सणाच्या बाजारात करतात. भाव करतात आणि नातलग शोधतात.

याच सुमारास काही घरांत 'पालनी' सुरू झालेली असते. ज्यानं नवस बोललेला असतो, मूल व्हावं, दुखणं जावं, गाय वाचावी, तो होळीला बुध्या व्हायचं कबूल करतो. पाच-सात दिवस तो खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो. बायकोला शिवत नाही. पायात वहाण घालत नाही, अंघोळ करत नाही, आपलं अन्न आपण शिजवतो. मग तो सजतो. कमरेभोवती वाळलेल्या दुधीभोपळ्यांची आणि मोठ्या घुंगरांची माळ, डोक्यावर बांबूच्या पट्ट्यांचा उंच टोप, त्यावर मोरपिसं, उघड्या अंगावर राखेचे नाहीतर पिठाचे पांढरे ठिपके. एकेका बुध्यानं उडी मारली की भोपळे आपटतात, घुंगरू वाजतात. असे शंभर बुध्या एकदम नाचले की पायाखालची जमीन ऐकू येते. त्यांच्याबरोबर बावा असतात, मोरखी असतात, कुणी अस्वल झालेलं असतं, कुणी बाईच्या वेशात. काहींचा नवस एका वर्षाचा असतो, काहींचा पाच वर्षांचा. काठीची होळी झाली की यांतले कित्येक पुढच्या होळीला चालत जातात, कारण नवस ओळीचा असतो.

१९६१ मध्ये पश्चिम खानदेशातल्या मेवासी इस्टेटींचे मालकी हक्क रद्द करणारा विनियम निघाला. राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या अधिकारात तो काढला. म्हणजे ज्या यादीनं या सरदारांना वेगळं ठेवलं होतं तिच्याच वाटेनं त्यांची सरदारकी संपली. सारा आता तलाठ्याकडे, न्याय कोर्टाकडे, रान वनखात्याकडे. राजाकडे उरली ती होळी. गादीची पूजा, शस्त्रांची पूजा, दांड्याचा मान हे काठीच्या घराण्याकडे तसंच राहिलं आणि लोकांनी ते काढून घेतलं नाही. राजा असताना होळीला जाणं हा कदाचित थोडा धाकही असेल. नंतर जो गेला तो मनानं गेला. राजवाडी होळी खऱ्या अर्थानं लोकांची झाली ती १९६१ नंतर, असं मला वाटतं, आणि नाव मात्र तिनं राजाचंच ठेवलं.

सरकारनं घेतलेली गोष्ट एवढीच नव्हती. सरदार सरोवर धरणानं महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, नर्मदेच्या काठावरची. मणिबेली १९९३ पासून बुडायला लागलं. माणसं डोंगर उतरून तळोद्याच्या बाजूला सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहतींत आली. घरं सरळ रेषेत, प्लॉटवर प्लॉट, समोर डांबरी रस्ता. घराला पत्ता मिळाला. होळीची जागा पाण्याखाली गेली. ती काही प्लॉट नंबरानं मिळत नाही. कुठल्या टेकाडासमोर, कुठल्या झाडाच्या कुठल्या बाजूला, हे आजोबांनी ठरवलेलं असतं. नव्या वसाहतींत माणसांनी जागा धरल्या, होळ्या पेटवल्या. पण जुन्या ओळीत पुढच्या गावाला जायचं म्हटलं की आता एस.टी.चं वेळापत्रक बघावं लागतं.

१ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला आणि नव्या जिल्ह्याला स्वतःचा चेहरा हवा होता. काठीची होळी आयतीच होती. तेव्हापासून मोटारी वाढल्या, कॅमेरे वाढले, मंत्री-आमदार पाहुणे म्हणून येऊ लागले, पोलीस बंदोबस्त लागू लागला. आता तर बुध्याच्या नाचाच्या रिंगणाबाहेर मोबाइल धरलेल्यांचं दुसरं रिंगण असतं. याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ढोल वाजला की बघ्यांनाही रिंगण सोडत नाही. वाईट वाटतं ते याचं की छायाचित्राखाली 'आदिवासी नृत्य' एवढंच छापलं जातं. त्या माणसानं पाच दिवस खाटेला पाठ लावलेली नाही हे त्या छायाचित्रात येत नाही.

रात्र चढत जाते. दांडा उभा राहिलेला असतो. गुजरातच्या जंगलातून खांद्यावर वाहून आणलेला सरळ बांबू, त्याच्या शेंड्याला खजूर, खोबऱ्याच्या वाट्या, हार-कडे. ढोलांचे ताफे एकामागून एक येतात, प्रत्येक गावाचा ढोल वेगळा, पावरी वाद्याचा सूर वेगळा. बायका हातात हात गुंफून गाणं म्हणत मागं-पुढं झुलतात, त्यांच्या अंगावरची चांदी ज्वारीच्या कणसासारखी दाट. आग कुणी लावत नाही. दहा वाजतात, बारा वाजतात, तीन वाजतात. मैदानी माणूस घड्याळ बघतो. लांबच्या दरीतून चढणारा शेवटचा ढोल अजून वाटेत असतो आणि तो आल्याशिवाय राजाची होळी पुरी कशी म्हणायची.

पूर्वेला फटफटायला लागतं तेव्हा होळी पेटते. वाळलेली लाकडं धडाडून उठतात, बुध्या आगीभोवती धावत नाचतात, आणि सगळ्यांचे डोळे दांड्यावर, तो कोणत्या दिशेला पडतो त्यावर. पडला की त्यावर झडप. कुणाच्या हातात खजूर येतो, कुणाच्या हातात काळं पडलेलं खोबरं.

उजाडल्यावर मैदानात राख आणि चपला उरतात. काठीचा नवस संपलेले बुध्या घरी जाऊन अंगावरची राख धुतात, पालनी सोडतात, आठवड्यानं खाटेवर पाठ टेकतात. ज्यांचा नवस अजून चालू असतो ते टोप काखेत मारतात, कमरेचे भोपळे एका हातानं आवरून धरतात आणि अनवाणीच दरीत उतरायला लागतात. आज दुसऱ्या गावाचा मान असतो आणि तिथं पोचायला दिवस पुरत नाही.